वर्डमध्ये ₹, ², ° टाकताना शॉर्टकट एकमेकांच्या पायात येताहेत

जुईनगर_डेस्क

नमस्कार मंडळी. करारनामे, सोसायटीच्या नोटिसा, सिडकोच्या हस्तांतरणाचे अर्ज असं मराठी-इंग्रजी मिश्र टायपिंग आहे. विंडोज ११, वर्ड ३६५, कीबोर्ड दोन: इंग्लिश (इंडिया) आणि मराठी इनस्क्रिप्ट. तीन मशीन आहेत, तिन्हींवर त्रास वेगवेगळा.

पहिल्या मशीनवर उजवा ऑल्ट+४ दाबलं की ₹ यायचं. आता त्या जागी ओळच्या ओळ हेडिंगच्या स्टाइलमध्ये जाते. दुसऱ्या मशीनवर ₹ साठी मुद्दाम कंट्रोल+ऑल्ट+आर नेमलं, तर तिथे कॅल्क्युलेटर उघडतो! तिसऱ्यावर मराठीत जोडाक्षर सुटं दाखवायला कंट्रोल+शिफ्ट+१ किंवा २ दाबलं की भाषाच बदलते.

शिवाय करारातल्या कलमांमध्ये कंसात सी लिहिलं की त्याचं © होतं, कंसात ई लिहिलं की €. आणि लॅपटॉपला नंबरपॅड नसल्यामुळे ऑल्ट+०१७८ करून ² येत नाही.

प्रत्येक गोष्टीला तात्पुरता जुगाड आहे, पण मुळातून कसं निस्तरायचं?

---

कोर्टनाका_ठाणे

तुमचे पाचही त्रास वेगवेगळ्या थरांवरचे आहेत. म्हणून एकच उपाय सगळीकडे लावायला गेलात तर गुंता वाढेल. कळ दाबल्यावर ती आधी विंडोज आणि मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाते, मग कीबोर्ड लेआउट तिचं अक्षर ठरवतो, मग वर्ड आपल्या शॉर्टकटच्या यादीत बघतं, आणि अक्षर उमटल्यावर ऑटोकरेक्ट हात मारतं. कोणत्या थरावर अडलंय ते शोधायला दोन चाचण्या पुरतात.

एक: तीच कळ नोटपॅडमध्ये दाबा. नोटपॅडमध्ये ₹ आलं आणि वर्डमध्ये नाही, तर दोष वर्डच्या यादीत. नोटपॅडमध्येही नाही, तर लेआउट चुकीचा आहे किंवा कोणीतरी वरच्या वर कळ पळवतंय. इथे विंडोज+स्पेस दाबून यादी नीट वाचा. भाषेच्या नावाखाली लेआउटचं नाव बारीक अक्षरात असतं. भाषा इंग्लिश (इंडिया) आणि लेआउट मात्र यूएस, असं बऱ्याच मशीनवर असतं; त्या लेआउटवर उजवा ऑल्ट+४ ने ₹ येणारच नाही.

दोन: वर्डमध्ये फाइल → ऑप्शन्स → कस्टमाइझ रिबन, आणि तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स' लिहिलंय त्याच्या शेजारचं कस्टमाइझ बटण. 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या चौकटीत क्लिक करून भांडणारी कळ दाबा. खाली 'करंटली असाइन्ड टू' समोर ती सध्या कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. चौकटीत काहीच उमटलं नाही, किंवा भलतंच काही उघडलं, तर ती कळ वर्डपर्यंत पोचतच नाहीये. मग वर्डमध्ये कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

आता पहिलं मशीन. विंडोजच्या लेखी उजवा ऑल्ट म्हणजे ऑल्ट-जीआर, आणि ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल+ऑल्ट. त्यामुळे उजवा ऑल्ट+४ आणि कंट्रोल+ऑल्ट+४ या एकच. वर्डमध्ये हेडिंग १, २, ३ साठी कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ आधीपासून असतात, चौथ्यासाठी नसतो. कोणीतरी ओळीने पुढचं म्हणून हेडिंग ४ ला कंट्रोल+ऑल्ट+४ नेमलंय. आपण नेमलेला शॉर्टकट लेआउटच्या अक्षराच्या आधी लागतो, म्हणून ₹ गेलं.

काढायचं असं: त्याच कस्टमाइझच्या खिडकीत डावीकडे कॅटेगरीजमध्ये तळाकडे 'स्टाइल्स', उजवीकडे हेडिंग ४, 'करंट कीज' मध्ये कंट्रोल+ऑल्ट+४ निवडा, रिमूव्ह. पण त्याआधी 'सेव्ह चेंजेस इन' बघा. शॉर्टकट चालू फाइलमध्ये, तिच्या टेम्प्लेटमध्ये किंवा नॉर्मल.डॉटएममध्ये (वर्डचा नेहमीचा मूळ टेम्प्लेट) असू शकतो, आणि प्राधान्य त्याच क्रमाने: आधी फाइल, मग टेम्प्लेट, मग नॉर्मल, शेवटी ॲड-इन. नॉर्मलमधून काढलं आणि करारनाम्याच्या टेम्प्लेटमध्ये राहिलं, तर त्या टेम्प्लेटवरच्या फाइलींत त्रास तसाच. 'काढलं तरी परत येतं' या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

'रीसेट ऑल' दाबू नका. निवडलेल्या टेम्प्लेटमधले तुमचे सगळेच शॉर्टकट उडतील, एका हेडिंगपायी.

हेडिंग ४ शॉर्टकटनेच हवं असेल तर हेडिंग ३ देऊन ऑल्ट+शिफ्ट+उजवा बाण वापरून पातळी बदला. एका कळीसाठी ₹ गमावण्यात अर्थ नाही.

---

जुईनगर_डेस्क

पहिल्या मशीनवर अगदी तसंच निघालं. शॉर्टकट करारनाम्याच्या टेम्प्लेटमध्ये होता. काढला, ₹ आलं.

दुसऱ्या मशीनवर त्या चौकटीत कंट्रोल+ऑल्ट+आर दाबलं तर चौकट कोरीच राहते आणि कॅल्क्युलेटर उघडतो.

---

कोर्टनाका_ठाणे

मग डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेन्यूत कॅल्क्युलेटरचा आयकॉन शोधा. आयकॉनवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → शॉर्टकट टॅब. तिथे 'शॉर्टकट की' नावाची चौकट आहे. तीत नुसतं आर दाबलं तरी विंडोज आपणहून कंट्रोल+ऑल्ट+आर करतं, म्हणून हा प्रकार नकळतही होतो. चौकटीत बॅकस्पेस दाबा, 'नन' झालं की ॲप्लाय. आयकॉन दिसत नसेल तर विंडोज+आर दाबून शेल:प्रोग्रॅम्स आणि शेल:कॉमन प्रोग्रॅम्स हे दोन फोल्डर उघडून बघा (इंग्रजी अक्षरांत, कोलननंतर स्पेस न देता; कॉमन आणि प्रोग्रॅम्स यांच्या मधे मात्र स्पेस द्या). सगळ्या युजरसाठी टाकलेला शॉर्टकट दुसऱ्यात सापडतो.

आयकॉन निर्दोष निघाला तर संशय मागे चालणाऱ्यांवर: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या हॉट-की, स्क्रीन रेकॉर्डर, क्लिपबोर्ड साठवणारे प्रोग्रॅम, जुन्या मराठी फॉन्ट पॅकेजचा कीबोर्ड मॅनेजर. घड्याळाशेजारच्या ट्रेमधून एकेक बंद करत जा आणि दर वेळी वर्डच्या त्या चौकटीत कळ दाबून बघा. ज्या क्षणी कळ उमटली, तो चोर.

तरीही ₹ साठी कंट्रोल+ऑल्ट+आर मी ठेवणार नाही. ती वर्डमध्ये मुळात ® ची आहे. सी ला ©, टी ला ™, टिंबाला तीन टिंबं. पूर्ण कंट्रोल+ऑल्टची वस्तीच दाट आहे: एम ला कॉमेंट, एफ ला तळटीप, एस ला खिडकी दुभंगते, पी-ओ-एन ला व्ह्यू बदलतो. त्यात इंग्लिश (इंडिया) लेआउटवर याच कळांवर आडव्या रेघेचे रोमन ए, आय, यू वगैरे बसवलेत. तिथे नवीन बिऱ्हाड थाटायला जागा नाही.

दोन टप्प्यांचा शॉर्टकट करा. वर्डला ते चालतं, फार कमी लोक वापरतात. इन्सर्ट → सिम्बॉल → मोअर सिम्बॉल्स. फॉन्टच्या चौकटीत 'नॉर्मल टेक्स्ट' ठेवा, कारण सिम्बॉल किंवा विंगडिंग्ज फॉन्टमधून चिन्ह उचललं तर ते त्या फॉन्टलाच चिकटतं आणि दुसरीकडे पेस्ट केलं की चौकोन होतो. 'कॅरेक्टर कोड' मध्ये २०बी९ टाका, ₹ निवडलं जाईल, मग 'शॉर्टकट की'. चौकटीत कंट्रोल+अर्धविराम दाबा, हात सोडा, मग नुसतं आर. चौकटीत दोन्ही टप्पे स्वल्पविरामाने वेगळे दिसतील. 'अनअसाइन्ड' दिसतंय याची खात्री करून असाइन. तसंच ² ला कंट्रोल+अर्धविराम मग २, ° ला मग डी, § ला मग एस. उपसर्गाची कळ एकटी कोणाच्या नावावर असता कामा नये, एवढीच अट. नेमताना इंग्लिश कीबोर्ड ठेवा आणि मग मराठीवर जाऊन एकदा दाबून बघा. इनस्क्रिप्टवर अर्धविरामाच्या कळीवर च आहे.

शेवटी वर्ड नीट बंद करा. नॉर्मल.डॉटएम बंद होताना सेव्ह होतं. मधेच मशीन बंद पडलं तर नेमलेलं सगळं जातं. मग दुसऱ्या मशीनवर तीच फाइल न्यायची तर वर्ड बंद ठेवून.

---

इनस्क्रिप्ट_कळवा

तिसऱ्या मशीनबद्दल लिहितो.

इनस्क्रिप्टवर कंट्रोल+शिफ्ट+१ म्हणजे शून्यरुंदीचा जोडक (२००डी) आणि कंट्रोल+शिफ्ट+२ म्हणजे शून्यरुंदीचा विलगक (२००सी); दोन्ही न दिसणाऱ्या खुणा. विंडोजमध्ये भाषा निवडायला एकेका भाषेला थेट कळ देता येते, आणि तिचे पर्याय म्हणजे डावा ऑल्ट+शिफ्ट+आकडा किंवा कंट्रोल+शिफ्ट+आकडा. कोणीतरी इंग्लिशला १ आणि मराठीला २ दिलंय, हे उघड आहे.

सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज. यादीत एकेक ओळ निवडून 'चेंज की सिक्वेन्स', आणि 'एनेबल' समोरची खूण काढा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस पुरे. त्याच खिडकीत पहिल्या ओळीत 'स्विच कीबोर्ड लेआउट' ला कंट्रोल+शिफ्ट असेल तर तेही 'नॉट असाइन्ड' करा. नाहीतर आकडा दाबायच्या आधी बोट निसटलं की लेआउट बदलतो आणि माणूस भुताटकी समजतो.

नंतर वर्डकडे या. वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+२ ही @ म्हणून परदेशी अक्षरांच्या खुणांसाठी राखलेली उपसर्गाची कळ आहे, तिच्यानंतर ए दाबलं की गोल टोपीचा ए येतो. म्हणून विंडोज सुधारल्यावरही वर्डमध्ये विलगक येत नसेल तर वर सांगितलेल्या चौकटीत मराठी कीबोर्ड चालू ठेवून ही कळ दाबून बघा. अडत असेल तर इन्सर्ट → सिम्बॉल → मोअर सिम्बॉल्स → स्पेशल कॅरेक्टर्स टॅबमध्ये दोन्ही आहेत, फक्त नावं विचित्र: 'नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक' म्हणजे विलगक, 'नो-विड्थ नॉन ब्रेक' म्हणजे जोडक. त्यांना तिथूनच दोन टप्प्यांचा शॉर्टकट द्या.

आता मुख्य मुद्दा. जोडक तुम्ही नेमका कशासाठी वापरताय? 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतल्या अर्ध्या र साठी वापरत असाल तर सोडून द्या. इनस्क्रिप्टवर शिफ्ट+जे म्हणजे ऱ. ऱ, मग डी ने हलन्त, मग य: झालं 'ऱ्य'. दोन्ही पद्धतींनी कागदावर दिसतं अगदी सारखं, पण आत कोड वेगळे. एकाने जोडक लावून 'दुसर्‍या' लिहिलं आणि दुसऱ्याने ऱ वापरून, तर फाइंडमध्ये एक शोधल्यावर दुसरा सापडेलच असं नाही. तीस पानी करारात 'दुसऱ्या पक्षाने' बदलायला घेतलं आणि काही जागा तशाच राहिल्या, तर कारण बहुधा हेच.

शंका असेल तिथे त्या र च्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबा. ०९३१ दिसलं तर तो ऱ, ०९३० दिसलं तर साधा र आणि पुढे जोडक दडलेला. परत ऑल्ट+एक्स दाबलं की अक्षर जागेवर येतं.

जुनी फाइल एकसारखी करायची तर रिप्लेसच्या 'फाइंड व्हॉट' मध्ये जोडकवालं 'र्‍य' मजकुरातूनच कॉपी करून टाका आणि 'रिप्लेस विथ' मध्ये 'ऱ्य'. मग 'र्‍ह' साठी वेगळं. हे दोन झाले की मराठीतलं जवळपास सगळं येतं.

विलगक मात्र लागतो: जोडाक्षर मुद्दाम सुटं, पायमोडकं दाखवायचं तेव्हा. त्याला पर्याय नाही.

---

ऐरोली_रायटर

ऑल्ट+एक्सचा विषय निघालाच आहे तर ² चा प्रश्न त्यातच सुटतो, नंबरपॅड लागत नाही. इंग्लिश कीबोर्डवर ००बी२ टाइप करा, ऑल्ट+एक्स. ° ला ००बी०, × ला ००डी७, § ला ००ए७, ₹ ला २०बी९. आकडे इंग्रजीच हवेत.

एक खोडा आहे: कोड आधीच्या आकड्याला चिकटून लिहिला तर वर्ड मागचे आकडेही कोडात धरतं. ४० नंतर लगेच ००बी० लिहिलंत की गडबड. अशा वेळी फक्त शेवटची चार अक्षरं सिलेक्ट करून ऑल्ट+एक्स. मीटरच्या इंग्रजी एम नंतर ² लिहिताना मात्र अडचण येत नाही, कारण एम हा कोडात येणारा वर्ण नाही.

क्षेत्रफळ लिहिताना कंट्रोल+शिफ्ट+बरोबरच्या चिन्हाने साधा २ वर चढवू नका. ती फक्त सजावट असते. तोच मजकूर कोणी ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत पेस्ट केला की वरचा २ खाली येतो आणि ५२ चौरस मीटरच्या जागी भलताच आकडा वाचला जाऊ शकतो. करारात तर 'चौ.मी.' लिहिणंच बरं.

ऑटोकरेक्टचं: फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. यादीत वरच कंसातला सी, ई, आर आणि टीएम आहेत. कलमांसाठी सी आणि ई डिलीट करा. © लागलंच तर कंट्रोल+ऑल्ट+सी आहे. पण खिडकीच्या मथळ्यात भाषेचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा. ही यादी भाषेगणिक वेगळी असते. कर्सर मराठी मजकुरात असताना उघडलीत तर मराठीची उघडते, आणि इंग्रजी परिच्छेदात © होतच राहतं. इंग्लिश (इंडिया) आणि इंग्लिश (यूएस) याही दोन निराळ्या. जुन्या टेम्प्लेटमधला मजकूर बऱ्याचदा यूएस असतो, तेव्हा दोन्हीकडे काढा. एखाद्याच ठिकाणी नको असेल तर झाल्याबरोबर कंट्रोल+झेड. फक्त बदल मागे जातो, टाइप केलेलं राहतं.

लिब्रे ऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी: तिथेही ऑल्ट+एक्स चालतं. कंट्रोल+१ ते ५ हेडिंगला दिलेले आहेत. टूल्स → कस्टमाइझ → कीबोर्ड मध्ये उजवीकडे वर 'लिब्रेऑफिस' आणि 'रायटर' असे दोन पर्याय असतात. दोन्हीकडे एकच कळ असेल तर रायटरची चालते, त्यामुळे बदल कुठे करताय ते बघून करा. करड्या दिसणाऱ्या कळा बदलत नाहीत. वर्डसारखा एकेका चिन्हाला थेट शॉर्टकट देता येत नाही, मॅक्रो लागतो. त्यापेक्षा ऑटोकरेक्टमध्ये स्वतःची खूण घाला, आणि भाषेच्या चौकटीत 'ऑल' निवडा, म्हणजे मराठी-इंग्रजी दोन्हीकडे चालेल. लिनक्सवर आयबस (कीबोर्ड-भाषा सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर कंट्रोल+शिफ्ट+यू, मग कोड, मग एंटर.

---

जुईनगर_डेस्क

सगळ्यांचे आभार. आयकॉनवरची कळ सापडली, भाषेच्या हॉट-की काढल्या, © थांबलं. ऱ चं तर डोळे उघडणारं होतं.

उरलेलं एक: तिसऱ्या मशीनवर हॉट-की काढूनही कधीकधी कीबोर्ड आपोआप बदलतो. माऊसने वरच्या परिच्छेदात क्लिक केलं की मराठीचं इंग्रजी होतं. आणि २०१०-११ च्या काही नोटिसांमध्ये रकमेआधी ₹ च्या जागी तिरकी बारीक खूण दिसतेय, एस्केपखालच्या कळीवर असते ती.

---

कोर्टनाका_ठाणे

पहिलं: फाइल → ऑप्शन्स → ॲडव्हान्स्ड, 'ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड टू मॅच लँग्वेज ऑफ सराउंडिंग टेक्स्ट'. खूण काढा. मिश्र मजकुरात हा पर्याय तापच आहे.

दुसरं: ₹ चं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या (अक्षरांच्या जागतिक कोडयादीच्या) ६.० आवृत्तीत आलं. मशीनवर ते यायच्या आधी लोकांनी जो 'रुपी' फॉन्ट उतरवून घेतला, त्यात ₹ चं चित्र त्या तिरक्या खुणेच्या कळीवर बसवलं होतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मूळ खूण उघडी पडते. रिप्लेसच्या पहिल्या चौकटीत ती खूण, दुसरीत खरं ₹. रिप्लेस ऑल करू नका, एकेक बघत जा, कारण इंग्रजी अवतरणचिन्हाच्या जागीही काही टायपिस्ट तीच खूण मारतात. बदललेल्या ₹ ला तोच जुना फॉन्ट चिकटून राहू नये म्हणून कर्सर 'रिप्लेस विथ' मध्ये ठेवून मोअर → फॉरमॅट → फॉन्ट, आणि तिथे निर्मला यूआय किंवा तुमच्या नोटिशीचा जो फॉन्ट असेल तो द्या.